घाणा, बँकर आणि आजीच्या ओव्या

मंडळी, आज एक कबुली देऊनच टाकते. माझ्या लॅपटॉपवर एकशे बारा ऑडिओ प्लगइन्स आहेत. त्यातले वापरते सात-आठ. बाकीचे 'एवढ्या स्वस्तात परत मिळणार नाही' म्हणून कुठल्या ना कुठल्या सेलमध्ये उचललेले. आईच्या कपाटातल्या सेलच्या साड्यांवरून मी तिला जे लेक्चर देते ना, ते आता मुकाट्याने मागे घेतलंय.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा सांगते. पूर्वी स्टुडिओत आवाजाला घुमारा द्यायचा तर एक खोका, आवाज एकसारखा करायचा तर दुसरा खोका, असे कपाटभर खोके लागायचे. १९९६ साली स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने व्हीएसटी नावाची पद्धत आणली आणि ते खोके सॉफ्टवेअर होऊन कॉम्प्युटरमध्ये शिरले. हेच प्लगइन. आज आपण बेडरूममध्ये बसून, पायजम्यावर, अख्खा स्टुडिओ चालवू शकतो. फक्त त्या सगळ्या खोक्यांचं काम एकटा बिचारा प्रोसेसर करतो, हे आपण विसरतो.

मी विसरले होते. आणि त्याची किंमत माझ्या आजीने मोजली. आता सविस्तर सांगते.

माझं आजोळ खालापूर तालुक्यात. सीएसएमटीहून कर्जत लोकल, जवळजवळ शंभर किलोमीटर, बूड सपाट होईपर्यंत. कर्जतला उतरून बटाटेवडा. मग खोपोली लोकल, ती चुकली की प्लॅटफॉर्मवर बसून आयुष्याचा विचार करायला भरपूर वेळ. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. त्या वाटेवरच्या एका गावात मामाचं घर, घराच्या पडवीत जातं आणि त्या घरात चौऱ्याऐंशी वर्षांची आजी.

ऑफिसात 'कर्जतला रेकॉर्डिंगला चाललेय' म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं मी एन. डी. स्टुडिओत चाललेय! (नितीन देसाईंनी २००५ साली उभारलेला तो स्टुडिओ आमच्याच तालुक्यातला, त्यामुळे गैरसमज अगदीच वाईट नव्हता.) पण मला रेकॉर्ड करायच्या होत्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या. गावात पिठाची गिरणी आल्यापासून जातं नुसतं पडवीची शोभा. आजीच्या डोक्यात मात्र ओव्या शाबूत. भावावरच्या, लेकीवरच्या, पंढरपूरच्या वाटेवरच्या आणि सासूवरच्या. (सासूवरच्या सॉल्लिड आहेत. छापता येणार नाहीत.)

मे महिना, शनिवार, दुपारचे अडीच. पडवीत मी दुकान मांडलं. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, स्टँडवर माइक. आजीच्या कानावर माझे महागडे हेडफोन. पदर सावरून ती अशी बसली होती की जणू आकाशवाणीवर लाइव्ह चाललीये. आणि माझी तयारी तर काय विचारता! गाताना आजीला स्वतःचा आवाज 'झक्कास' ऐकू यावा म्हणून मी आधीच ट्रॅकवर सहा प्लगइन्स चढवून ठेवलेले. पंख्याची घरघर काढणारा एक, लिनिअर फेज इक्वलायझर एक, 'स' आणि 'श' चा शिट्टीसारखा आवाज दाबणारा एक, कॉम्प्रेसर, लिमिटर आणि वर देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमारा.

आजीने डोळे मिटले. पहिली ओळ उचलली. आणि थांबली.

"माझ्या मागनं कोन गातंय गं?"

"कोणी नाही आजी. तुझाच आवाज आहे. गा तू."

पुन्हा सुरुवात. या वेळी ती हळू गायली. मग आणखी हळू. मग एक शब्द दोनदा म्हटला, अडखळली, डोळे उघडले. पुन्हा सुरुवात. चौथ्या वेळी तिने हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवले.

"बाय, तुझी मशीन माझ्या मागं मागं येतेय. मला चुकवतेय. र्‍हाऊ दे."

आणि ती चहा टाकायला आत निघून गेली.

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? पुन्हा बसवायचं. पण ओव्या पाठ केलेल्या नसतात मंडळी. त्या एकीला एक लागून येतात. एक ओळ दुसरीला ओढून आणते. त्या दुपारी आजी तिच्या धाकट्या भावावरची जी ओवी म्हणत होती, ती तिला चौथ्या वेळी आठवेना. संध्याकाळी आठवेना. रात्री जेवताना म्हणाली, "व्हती गं व्हटावर. ग्येली." त्या भावाला जाऊन चाळीस वर्षं झालीत.

तो घास काही माझ्या घशाखाली उतरला नाही.

रात्री विहिरीपाशी गेले, कारण नेटवर्क तिथेच येतं. आमच्या ग्रूपमध्ये एक साउंड इंजिनिअर आहे, त्याला फोन लावला. त्याने आधी पाच मिनिटं मनसोक्त शिव्या घातल्या आणि मग हिशेब मांडला. तो हिशेब तुम्हालाही सांगते, कारण घरी गाणं, पॉडकास्ट, व्हॉइसओव्हर काहीही करत असाल तर हा प्रॉब्लेम तुमच्याही वाट्याला कधी ना कधी येणारच.

कॉम्प्युटर आवाज सलग घेत नाही. सीडीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग असेल तर सेकंदाला ४४,१०० ठिपके घेतो, त्यांना सॅम्पल म्हणतात. आणि ते एकेक करून नाही तर गठ्ठ्याने पुढे ढकलतो. हा गठ्ठा म्हणजे बफर.

माझ्या डोक्यात हे शिरेना, तेव्हा तो म्हणाला, "कर्जत स्टेशनवरचा वडा खाल्लास ना? मग घाणा माहितीये ना? बफर म्हणजे घाणा."

आणि ट्यूब पेटली! कढईत एका वेळी आठच वडे सोडले तर पहिला वडा लवकर मिळतो. पण तळणाऱ्याला दम खायला फुरसत नाही, सोड, काढ, सोड, काढ. एकदम मोठा घाणा काढला तर तळणारा निवांत, पण गिऱ्हाईक ताटकळतं. ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण दीड मिलिसेकंदाचा घाणा. त्या दीड मिलिसेकंदात सगळ्या प्लगइन्सचं काम आटोपलंच पाहिजे, आणि हे सेकंदाला ६८९ वेळा! एकदा जरी उशीर झाला तरी आवाजात 'कट्' किंवा 'चर्र' होतं. १०२४ चा बफर म्हणजे २३ मिलिसेकंदांचा घाणा. सेकंदाला त्रेचाळीस वेळा. प्रोसेसर खूश. पण आवाज आत येताना २३ आणि बाहेर जाताना २३, म्हणजे ४६ मिलिसेकंद उशीर तिथेच. या उशिराला म्हणतात लेटन्सी.

मी बफर १०२४ वर ठेवला होता. का? कारण त्याहून खाली आणला की माझे सहा प्लगइन चर्र-चर्र करायला लागायचे.

बरं, उशीर फक्त बफरचा नसतो. काही प्लगइन्स स्वतःच वेळ खातात. लिमिटर थोडं पुढचं ऐकून ठेवतो, म्हणजे मोठा आवाज आला की आधीच सावध होता येतं. लिनिअर फेज इक्वलायझरला तर आवाजाचा मोठा तुकडा हातात आल्याशिवाय काम सुरूच करता येत नाही. माझ्यावाला ४०९६ सॅम्पल घ्यायचा, म्हणजे ९३ मिलिसेकंद. घरघर काढणारा २०४८, म्हणजे ४६. बेरीज करा. ४६ अधिक ९३ अधिक ४६, वर बाकीच्यांची चिल्लर. १९० मिलिसेकंदांच्या आसपास.

"म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा," मी म्हटलं, "एवढ्याने काय होतं?"

"अगं ए, बरोब्बर एवढ्यानेच होतं!"

माणसाला स्वतःचाच आवाज थोडा उशिरा ऐकवला की काय होतं, यावर १९५० च्या सुमारापासून प्रयोग झालेत. उशीर २०० मिलिसेकंदांच्या आसपास असला की गोंधळ सगळ्यात जास्त. माणूस हळू बोलतो, अक्षरं दोनदा म्हणतो, अडखळतो. चांगलाबिंगला बोलणारा तोतरा वाटायला लागतो. आजीने नेमकं तेच केलं होतं, हळू गायली, शब्द दोनदा म्हटला, थांबली. मला वाटलं होतं वयामुळे. आणि खरं सांगते, ते मी मनात म्हटलं होतं याची मला आता लाज वाटते.

तसा थोडा उशीर माणसाला चालतो, हेही त्यानेच सांगितलं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला तीन मिलिसेकंद. 'सैराट' (२०१६) साठी अजय-अतुलनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता, आठवतंय? तेवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्रात दहा मीटर लांब बसलेल्या वादकाचा आवाज तुमच्यापर्यंत तीस मिलिसेकंद उशिराच पोचतो. म्हणून तर सगळ्यांचे डोळे कंडक्टरच्या हाताकडे. पण तो दुसऱ्याचा आवाज असतो. स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकताना गाणाऱ्याला दहा-बारा मिलिसेकंदही खुपायला लागतात. माझ्या १९० मिलिसेकंदांचं अंतर करा. पासष्ट मीटर! म्हणजे आजी पडवीत आणि तिचा आवाज पार गावच्या वेशीवर उभा राहून तिच्यामागे गातोय.

(लॉकडाउनमध्ये, २०२० साली, ज्यांनी व्हिडिओ कॉलवर तबला किंवा गाणं शिकायचा प्रयत्न केला त्यांना हे वेगळं सांगायला नको. गुरुजी वाजवणार, आपण ऐकणार, मग आपण वाजवणार, गुरुजी ऐकणार. दोघांनी एकत्र समेवर येणं? विसरा! आणि ऑफिसच्या कॉलवर दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, मग दोघं एकदम 'नाही नाही, तुम्ही बोला' म्हणतात ना, ती हीच बया. लेटन्सी.)

पण मग माझा पुढचा प्रश्न. माझा लॅपटॉप तर आठ कोअरचा. टास्क मॅनेजर बघितला तर प्रोसेसर जेमतेम तीस टक्के वापरला जात होता. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचा मीटर मात्र लालेलाल. हे कसं काय?

याचं उत्तर पुन्हा कर्जत स्टेशनवरच मिळालं. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात आणि मागून जादा इंजिनं लागतात, ते बँकर. प्रवाशांना वाटतं वड्यासाठी हॉल्ट आहे! बोर घाटातून १८६३ पासून गाडी जाते आणि चढ आहे ३७ फुटांना एक फूट. पुढच्या एकट्या इंजिनाला तो भार झेपत नाही. ताकद हवी तर थांबा घ्यावा लागतो. डेक्कन क्वीनलासुद्धा! फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत मात्र बँकर न लावता घाट चढते, कारण तिच्या मोटर्स एका इंजिनात नसून गाडीभर डब्यांखाली वाटलेल्या आहेत.

आठ कोअरचा प्रोसेसर म्हणजे वंदे भारत, असं मी धरून चालले होते. तसा तो असतोही, पण ट्रॅक वेगवेगळे असतील तर. तबला एका कोअरवर, हार्मोनियम दुसऱ्यावर, आवाज तिसऱ्यावर. पण एकाच ट्रॅकवर एकामागोमाग सहा प्लगइन लावले तर ते सहसा एकाच कोअरच्या गळ्यात पडतात. कारण सोप्पं आहे. घरघर काढल्याशिवाय इक्वलायझरच्या हातात काही येत नाही, त्याचं झाल्याशिवाय कॉम्प्रेसरला काम नाही. रांगच आहे ती. सात कोअर कँटीनमध्ये गप्पा मारतायत आणि आठवा एकटा मरमर मरतोय. (तुमच्या टीममधला कोण आठवला? मलापण!) टास्क मॅनेजर सगळ्यांची सरासरी दाखवतो. रेकॉर्डिंगचा मीटर दाखवतो की वेळेत काम होतंय की नाही. विश्वास ठेवायचा तो दुसऱ्यावर.

त्यात आणखी दोन घोळ. एक, मे महिन्यातली कर्जत-खालापूरकडची दुपार. लॅपटॉप तापला की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. दोन, दुपारी लाइट गेली होती आणि मी बॅटरीवर रेकॉर्ड करत होते. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप काटकसरीच्या मोडमध्ये जातात. म्हणजे घाट चढायचा, तोही अर्ध्या इंजिनावर.

आता इंजिनिअरसाहेबांचा सल्ला. वहीत लिहून घेतला होता, तो जसाच्या तसा देते. कापून फ्रिजवर लावा.

एक. रेकॉर्ड करताना आवाज कोरा घ्या. मेकअप नंतर. प्लगइन पळून जात नाहीत, कोरा आवाज मात्र परत येत नाही.

दोन. रेकॉर्डिंगला छोटा घाणा, ६४ किंवा १२८. मिक्सिंगला मोठा घाणा, १०२४ किंवा त्याहून जास्त. मिक्सिंगच्या वेळी लेटन्सीने काही बिघडत नाही, कारण सॉफ्टवेअर सगळ्या ट्रॅक्सना सगळ्यात हळू ट्रॅकसाठी थांबवून ठेवतं आणि सगळे एकत्र सोडतं. दिंडीसारखं. पण हे फक्त आधी रेकॉर्ड झालेल्या आवाजाला जमतं. जो सूर आजीने अजून लावलाच नाही, तो कुठलं सॉफ्टवेअर आधी आणणार?

तीन. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असतं. ते दाबलं की माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये हेलपाटा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. उशीर जवळपास शून्य. (तीन वर्षं माझ्याकडे तो इंटरफेस आहे. ते बटण कशाचं, हे मी कधी बघितलंच नव्हतं.)

चार. घुमारा प्रत्येक ट्रॅकवर वेगळा लावू नका. एकाच ठिकाणी लावा आणि सगळ्या ट्रॅक्समधून थोडा थोडा आवाज तिकडे पाठवा. दहा घरांत दहा बोअरवेल खणण्यापेक्षा गावात एक टाकी.

पाच. ज्या ट्रॅकचं काम झालं तो फ्रीझ करा. म्हणजे प्लगइन्ससकट तो एकदाच तळून डब्यात ठेवा, प्रत्येक वेळी नव्याने कढई नको.

सहा. प्लगइन नुसता बायपास केला म्हणजे त्याचा उशीर गेला असं नाही. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उशीर तसाच राहतो. काढूनच टाका, किंवा पूर्ण बंद करा.

सात. लॅपटॉप चार्जिंगला, पॉवर सेटिंग फुल, वाय-फाय बंद, सावलीत. आणि शक्यतो दुसऱ्या खोलीत, कारण त्याचा पंखा माइकमध्ये येतो.

हे सगळं झाल्यावर तो दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "एक विचारू? आजी एकटी गातेय ना? मागे तानपुरा नाही, तबला नाही, ट्रॅक नाही?"

"नाही."

"मग तिला हेडफोन दिलेस कशाला?"

मंडळी, विहिरीच्या कठड्यावर बसून मी या प्रश्नाचं उत्तर शोधत राहिले. खरंच, कशाला? सोबत वाजणारं काही ऐकायचं असेल तर हेडफोन. आजीला ऐकायचं काहीच नव्हतं. तिचा आवाज तिला तिच्या कानांनी ऐकू येतोच, चौऱ्याऐंशी वर्षं. हेडफोन दिले कारण स्टुडिओच्या फोटोत सगळ्यांच्या कानावर असतात! मला आजीचं गाणं हवं होतं, की फोटो?

रविवारी पहाटे साडेपाच. मी मामीला आधीच पटवून ठेवलं होतं. पडवीत जात्याखाली जुनं गोणपाट अंथरलं. लॅपटॉप आतल्या खोलीत, लांब वायर टाकून. पंखा बंद. एकही प्लगइन नाही. आजी उठून बाहेर आली तर मामी जात्याशी बसलेली, सुपात नाचणी.

"काय गं, गिरणी बंद हाय का?" आजीने विचारलं.

"बंद नाय आत्या. पोरीला भाकरी जात्यावरच्या पिठाची खायचीय."

आजीने माइककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझ्या कानावर काही नाही, तिच्या कानावर काही नाही. मग ती बसली. खुंट्याला दोघींचे हात लागले, मामीने पहिला घास टाकला आणि जातं फिरलं.

दगडाची ती घरघर, जी माझा प्लगइन पहिल्या फटक्यात पुसून टाकणार होता, तीच तिची लय होती! दुपारी मी तिला तिची लय दिली नव्हती आणि वर तिच्याच आवाजाची उलटी लय कानात ओतली होती. पहाटे ती चाळीस मिनिटं गायली. एकदाही थांबली नाही. मधे मामी साथ द्यायची. कोंबडा आरवला, लांब घाटात एका मालगाडीने शिटी दिली, ती पण आली रेकॉर्डिंगमध्ये. सासूवरची एक सुटली तेव्हा दोघी इतक्या हसल्या की जातं थांबलं.

धाकट्या भावाची ओवी मात्र आली नाही. त्याच्या आसपासच्या दोन आल्या, एका ठिकाणी आजी क्षणभर अडखळली, मला वाटलं आता येणार. पण जातं फिरत राहिलं आणि ती दुसरीकडे वळली.

मुंबईला येताना लोकलमध्ये मी मोबाइलवर ओव्यांबद्दल शोधत बसले. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त! बर्नार्ड बेल हा संगीत आणि कॉम्प्युटर दोन्ही जाणणारा अभ्यासक नंतर त्यांच्या कामात आला आणि ओव्यांचं रेकॉर्डिंग झालं. २०१७ पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियावर त्या लोकांसमोर यायला लागल्या. त्यातल्या काही ऐकल्या. बायका गातात. बस्स. गाभाऱ्याचा घुमारा नाही की काही नाही, आणि काटा येतो.

त्या आठवड्यात मी ऑफिसातून आल्यावर रोज थोडं थोडं मिक्सिंग केलं. बफर १०२४, टेन्शन नॉट. एकशे बारापैकी किती प्लगइन्स लावले असतील? एक. खालची थोडी गुणगुण कमी करणारा साधा इक्वलायझर. घुमारा लावून बघितला आणि काढला, कारण आमच्या पडवीला तसा घुमारा नाही. घरघर काढणाऱ्याला हात लावला नाही. जातं काढलं तर त्या ओव्या कशावर गायल्या हेच कळणार नाही ना?

मामाच्या फोनवर फाइल पाठवली. आजीने ती मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर, कानाला लावून, पूर्ण ऐकली म्हणे. मग मला फोन.

"बाय, जात्याचा आवाज चांगला आलाय."

"आणि तुझा?"

"माजा काय, म्हातारीचा." थोडं थांबून म्हणाली, "ती भावाची र्‍हायली गं."

"आजी, ती माझ्यामुळे गेली."

"तुझ्यामुळं कशाला? येल ती. दळाया बसलं की येती."

तेव्हापासून मी महिन्यातून एकदा तरी शनिवारी कर्जत लोकल पकडते. बॅगेत लॅपटॉप नसतो आताशा, हातात मावेल असा छोटा रेकॉर्डर असतो, तो मी सुपाच्या बाजूला ठेवते आणि विसरून जाते. मामी नाचणी पाखडून ठेवते. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जात्यावरचं पीठ इतकं साठलंय की शेजाऱ्यांना वाटून झालं.

भावाची ओवी अजून आलेली नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा जातेय. चला, खोपोली लोकल चुकवून चालणार नाही. भेटू पुढच्या आठवड्यात!